निशिगंधाचे फुलदाणीतील आयुष्य व वाणांची तुलना

प्रास्ताविक

निशिगंध, म्हणजेच गुलछडी, हे मूळचे मेक्सिकोतील फूलझाड आहे. महाराष्ट्र व कर्नाटकात त्याची व्यापारी लागवड होते. एकेरी फुलांचे वाण मुख्यतः हार, गजरे व सुगंधी द्रव्यासाठी, तर दुहेरी फुलांचे वाण फुलदाणीसाठी वापरतात. बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वाणांपैकी 'शृंगार' व 'प्रज्वल' हे एकेरी आहेत, तर 'सुवासिनी' दुहेरी आहे. एकदा लावलेल्या कंदांपासून साधारणतः दोन-तीन वर्षे पीक घेतात. त्यामुळे वाणाची निवड चुकल्यास शेतकऱ्याला तितकाच काळ नुकसान सोसावे लागते. कोणता वाण अधिक टिकतो, हे म्हणूनच काटेकोरपणे तपासले पाहिजे.

फूल लवकर का कोमेजते?

दांडा कापताच मुळांकडून येणारे पाणी व पानांकडून येणारे अन्न थांबते. बाष्पीभवन मात्र चालूच राहते. कापलेल्या टोकातून हवा शिरते, फुलदाणीतील पाण्यात जिवाणू वाढतात आणि जलवाहिन्या तुंबतात. पाण्यात उभे असूनही फूल तहानलेले राहते.

निशिगंध खालून वर उमलतो. वरच्या कळ्यांना उमलण्यासाठी शर्करा लागते. ती न मिळाल्यास अनेक कळ्या मिटलेल्याच राहतात. परंतु साखर हे जिवाणूंचेही अन्न आहे. म्हणून नुसती साखर घातल्यास फायद्याऐवजी तोटा होऊ शकतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात २० ते ४० ग्रॅम साखर व ३०० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट घालावे. सल्फेटमुळे द्रावण आम्लधर्मी होते व जिवाणूंची वाढ मंदावते.

प्रयोगाची मांडणी

एकेरी फुले सकाळी शेतातून तोडलेली आणि दुहेरी फुले आदल्या दिवशी बाजारातून आणलेली असतील, तर दिसणारा फरक वाणाचा की ताजेपणाचा, हे सांगता येणार नाही. यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

१. दोन्ही वाणांचे दांडे एकाच दिवशी, खालची एक-दोन फुले उमलताना कापावेत. लांबी सारखी ठेवावी.
२. साधे पाणी, केवळ साखर, तसेच साखर व सल्फेट अशी तीन द्रावणे घ्यावीत. दोन वाण, तीन द्रावणे व प्रत्येकी पाच बाटल्या, म्हणजे एकूण ३० दांडे होतात.
३. एका बाटलीत एकच दांडा ठेवावा. फूल नसलेली एक बाटली ठेवून बाष्पीभवनाची वजावट करावी.
४. दररोज दांडा व बाटली यांचे स्वतंत्र वजन, उमललेली व कोमेजलेली फुले यांची नोंद करावी.
५. दोन्ही वाणांत कळ्यांची संख्या वेगळी असते. म्हणून उमललेल्या फुलांची टक्केवारी काढावी. उमललेल्यांपैकी निम्मी फुले कोमेजली की आयुष्य संपले, असा निकष आधीच ठरवावा.

निष्कर्ष

साध्या पाण्यात सरस ठरलेला वाण साखरेच्या द्रावणात मागे पडू शकतो. म्हणून नोंदींचे द्विमार्गी प्रचरण-विश्लेषण करून वाण व द्रावण यांची परस्परक्रिया तपासावी. तसेच निशिगंधाचे निष्कर्ष इतर फुलांना सरसकट लावू नयेत. उदाहरणार्थ, कार्नेशनमध्ये इथिलीन वायूचा परिणाम फार तीव्र असतो. कोणत्या परिस्थितीत कोणता वाण टिकतो, असे नेमके उत्तर मिळाले, तरच ते शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल.