प्रकल्प सांगणारे ‘आम्ही’ : प्राथमिक शाळेतील सामूहिक शोध आणि त्याची भाषा

मागील घटकात आपण अहवालाची अंगे पाहिली. त्यातील अहवाललेखक प्रौढ होता, एकटा होता आणि अहवाल कसा लिहितात हे त्याला ठाऊक होते. या घटकात आपण त्याच लेखनप्रकाराच्या उगमाकडे जाणार आहोत. चौथी-पाचवीतील मुलांनी गटाने एखादा शोध घेतला, तो चारचौघांपुढे मांडला आणि नंतर ‘हे आपण कसे केले, कोठे अडलो, आधी काय वाटत होते व आता काय वाटते’ याविषयी ती बोलू-लिहू लागली, तर त्या भाषेत काय घडते? हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा नाही. मराठीतील सर्वनामे, प्रयोग, काळ आणि बोली यांचा तो प्रश्न आहे, म्हणून मराठीच्या विद्यार्थ्याने त्याकडे लक्ष द्यायला हवे. तुमच्यापैकी काही जण शिक्षक होतील आणि काही जण आजच पालक आहेत. मुलाच्या वहीतील वाक्य दुरुस्त करण्यापूर्वी ते वाचावे कसे, हे त्यांनी या घटकातून घ्यावे.

१. थोडी पार्श्वभूमी

विल्यम किलपॅट्रिक यांचा प्रकल्पपद्धतीवरील निबंध 1918 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी 1910 मध्ये जॉन ड्यूई यांनी चिंतनशील विचाराची मांडणी केली होती : एखादी अडचण जाणवणे, तिचे स्वरूप ठरवणे, संभाव्य उत्तर सुचणे आणि ते तपासून पाहणे. आपल्याकडे 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमचा विचार पुढे आला. ज्या यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात आपण हा घटक अभ्यासणार आहोत, तो वर्धा नदीच्या अलीकडे आहे आणि सेवाग्राम पलीकडे. हाताने केलेले काम आणि त्यातून उगवणारे ज्ञान यांची सांगड घालण्याचा विचार या प्रदेशाला परका नाही.

महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांमध्ये ‘प्रकल्प’ हे एक साधन ठरले. 1993 पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत तर दहा वर्षांची मुलेही स्थानिक प्रश्नावर गटाने काम करून ते परीक्षकांसमोर मांडतात. म्हणजे व्यवस्था आहे. अडचण पुढे आहे. पुष्कळ ठिकाणी प्रकल्प म्हणजे बाजारात मिळणारी चित्रे डकवलेली वही, आणि चिंतन म्हणजे शेवटच्या पानावरील ‘या प्रकल्पातून आम्हाला खूप काही शिकायला मिळाले’ हे एक वाक्य. या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. त्यात काहीच नाही, एवढाच त्याचा दोष.

२. एक कल्पित उदाहरण

पुढील विवेचनासाठी आपण एक उदाहरण कल्पू. शाळा यवतमाळ जिल्ह्यातील एका छोट्या गावातील, वर्ग पाचवी, गटात पाच मुले. एक मुलगा कोलाम पोडावरून येतो, एक मुलगी तांड्यावरून. विषय : आपण पितो ते पाणी. विषय कल्पित असला तरी प्रश्न खरा आहे. या जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळलेले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते. लहानपणी अधिक फ्लोराइडचे पाणी पोटात गेल्यास कायमच्या दातांवर पांढुरके, पुढे पिवळे-तपकिरी डाग उमटतात.

मुलांनी काय केले? गावातील विहिरी, हातपंप आणि नळ यांचा नकाशा काढला. कोणत्या घरी पाणी कोठून येते, हे विचारले. वर्गातील किती मुलांच्या दातांवर डाग आहेत, हे मोजले. ग्रामपंचायतीत जाऊन पाणी-तपासणीचे निकाल मागितले. पाण्याची रासायनिक तपासणी हे प्रयोगशाळेचे काम. मुलांनी ते आपल्या अंगावर घेतले नाही, हे योग्यच. आणि मग त्यांना एक गोष्ट खटकली. नदीकाठच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या एका मुलीच्या दातांवर ठळक डाग होते, तर बोअरवेलचे पाणी पिणाऱ्या एका मुलाचे दात स्वच्छ होते.

याचे उत्तर मुलांच्या प्रश्नातच दडले होते. त्यांनी विचारले होते, ‘तुम्ही पाणी कोठून भरता?’ पण दाताचे आवरण घडते ते आयुष्याच्या पहिल्या सात-आठ वर्षांत. आज दिसणारा डाग कित्येक वर्षांपूर्वीच्या पाण्याची नोंद असतो. ती मुलगी तीन वर्षांची असताना तिचे घर दुसऱ्या गावी होते. तो मुलगा गेल्या वर्षीच मामाकडे राहायला आला होता. म्हणजे प्रश्न हवा होता, ‘तू लहान असताना पाणी कोठून यायचे?’ हा शोध पाण्याबद्दलचा नव्हे, विचारण्याबद्दलचा आहे. चिंतन म्हणतात ते हेच, आणि प्रकल्पाच्या नेहमीच्या रकान्यांत त्याला जागा नसते. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष यांत ‘आमचा प्रश्न चुकला होता’ हे वाक्य कोठे बसवायचे?

३. ‘आम्ही’ आणि ‘आपण’

आता भाषेकडे वळू. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचन दोन प्रकारचे आहे. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. हिंदीत दोन्हींचे काम ‘हम’ एकटाच करतो. गुजरातीत ‘अमे’ व ‘आपणे’ असा भेद आहे. द्राविडी भाषांच्या सान्निध्यामुळे हा भेद मराठीत आला असावा, असे मत भाषाभ्यासकांनी मांडले आहे. यवतमाळसारख्या, जेथे मराठीच्या शेजारी कोलामी आणि गोंडी या द्राविडी भाषा नांदतात, त्या जिल्ह्यात हे मत विशेष अर्थपूर्ण वाटते.

गटाच्या सादरीकरणात या दोन शब्दांची निवड कधीच निर्हेतुक नसते. ‘आम्ही सर्व विहिरी पाहिल्या’ येथील ‘आम्ही’ म्हणजे पाच संशोधक. ‘आपण हे पाणी रोज पितो’ येथे समोर बसलेले पालक, शिक्षक, सरपंच सगळे आले. पण ‘आमच्या दातांवर डाग आहेत’ असे एखादी मुलगी म्हणाली, तर? आता ‘आम्ही’ म्हणजे शोधणारे नव्हेत. ज्यांच्याविषयी शोध घेतला ते. मोजणारी तीच आणि मोजलेलीही तीच. मोठ्या संशोधकांना क्वचितच वाट्याला येणारी ही जागा ग्रामीण भागातील मुलाला दहाव्या वर्षी मिळते. तेथे एक जबाबदारीही येते. डाग असलेल्या मुलांची नावे फलकावर लिहायची की नुसती संख्या, हा निर्णय गटाने बोलून घ्यायचा असतो. शिक्षकाने तो परस्पर घेतला तर मुलांची एक चर्चा हुकते. न घेताच सोडून दिला तर एखाद्या मुलीचे हसू मिटते.

मराठी गद्यात या ‘आम्ही’ला जुना आधार आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. तो गटाचा प्रकल्प नव्हता. परंतु शाळकरी मुलीने आपल्याच समाजाची स्थिती पाहून, कारणे शोधून ती ‘आम्ही’ म्हणून वाचकांपुढे ठेवली, या दृष्टीने तो आपल्या विषयाचा पूर्वजच मानावा लागेल.

‘आम्ही’च्या आड काही लपतेही. पाचपैकी तिघांनी काम केले आणि दोघे झाडाखाली बसले, तरी ‘आम्ही मोजले’ हे वाक्य सर्वांचेच. म्हणून सादरीकरणासाठी ‘आम्ही’ आणि चिंतनासाठी ‘मी’, असा साधा संकेत उपयोगी पडतो. ‘मी ग्रामपंचायतीत गेलो, पण बोललो नाही, बोलली ती’ हे वाक्य गटाचा खरा इतिहास आहे.

४. कर्ता कोठे गेला?

पुढील दोन वाक्ये पाहा : ‘आम्ही विहिरी मोजल्या.’ ‘विहिरी मोजण्यात आल्या.’ दोन्हीकडे क्रियापद विहिरींच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पण पहिल्यात कर्ता उन्हात उभा आहे. दुसऱ्यात तो कार्यालयात फाइलीमागे बसला आहे. ‘निरीक्षण करण्यात आले’, ‘माहिती संकलित करण्यात आली’ ही शासकीय मराठी मुलांच्या वहीत येते ती मोठ्यांच्या हातून. प्रौढ अहवालात तिला कधी कधी जागा असते, हे आपण पाहिले आहे. मुलाच्या चिंतनात तिला जागा नाही, कारण कोणी केले आणि कसे केले हाच तेथे विषय असतो.

याहून महत्त्वाची आहे ती ज्ञानाच्या उगमाची नोंद. ‘त्या बोअरचे पाणी खारट आहे’, ‘…खारट आहे म्हणे’, ‘…खारट असावे’ ही तीन वाक्ये सारखी नाहीत. पहिले चाखून सांगितलेले, दुसरे ऐकीव, तिसरे अनुमान. ‘म्हणे’ आणि ‘असावे’ ही मराठीने दिलेली संशोधनाची साधनेच आहेत आणि ती मुलांना शाळेत येण्यापूर्वीच येतात. शाळा मात्र ‘म्हणे’ हा शब्द गावठी समजून खोडते आणि ऐकीव गोष्ट तेवढ्याने सिद्ध होऊन बसते! आजोबांनी सांगितले ते ‘म्हणे’सह लिहू द्यावे, तपासल्यानंतर ‘म्हणे’ काढायला सांगावे. पुराव्याची कल्पना शिकवण्याचा याहून सोपा मार्ग प्रस्तुत लेखकाला तरी दिसत नाही.

५. बोलीतील चिंतन

आपल्या कल्पित गटातील एक मुलगा म्हणतो : ‘मले वाटे का बोअरचं पानी चांगलंच राह्यते, काहून का ते गढूय नसते.’ शिक्षक ते वहीत असे उतरवतात : ‘बोअरवेलचे पाणी स्वच्छ दिसले तरी ते सुरक्षित असतेच असे नाही.’ विधान बरोबर आहे. खोल बोअरमधील पाणी खडकाच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहते आणि फ्लोराइड पाण्याचा रंग बदलत नाही. तरीही काहीतरी हरवले आहे. काय, ते शोधा.

‘वाटे’ हे रूप रीतिभूतकाळाचे आहे. पूर्वी नेहमी असे वाटत असे, आता तसे राहिले नाही, ही सारी हकिकत त्या दोन अक्षरांत आहे. ‘काहून का’ने कारण दिले आहे : गढूळ नाही म्हणून चांगले. म्हणजे मुलाला आपला जुना समज आठवतो आहे, त्या समजामागील तर्कही आठवतो आहे, आणि तो स्वतःला त्यापासून वेगळा काढतो आहे. ड्यूईंनी वर्णिलेली प्रक्रिया यापेक्षा वेगळी नाही. प्रमाण मराठीतील वाक्यात निष्कर्ष उरला, प्रवास गळाला. ‘मला वाटायचे की बोअरचे पाणी चांगलेच असते, कारण ते गढूळ नसते’ एवढाच बदल केला असता तर प्रमाणभाषाही साधली असती आणि मुलगाही वाक्यात राहिला असता.

कोलामी किंवा बंजारा बोली घरी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे अंतर अधिक मोठे असते. वऱ्हाडी मुलाला मराठीतून मराठीत यायचे असते. कोलाम मुलाला एका भाषाकुळातून दुसऱ्यात. अशा मुलाने चिंतनाचा पहिला खर्डा घरच्या भाषेत तोंडी करावा, मित्राच्या मदतीने मराठीत आणावा. गटकार्याचा हा लाभ मूल्यमापनाच्या रकान्यात दिसत नाही, पण तो फार मोठा आहे.

६. सादरीकरण

‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ या आरंभाशी तुमचा परिचय असेलच. पाठ केलेल्या भाषणाला तो शोभतो. पण शाळा व्यवस्थापन समितीसमोर पाण्याचा नकाशा घेऊन उभ्या असलेल्या मुलीला त्याचे ओझे होते, कारण तिला पुढे प्रश्न विचारले जाणार असतात आणि पाठांतराला प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. सादरीकरणाची खरी परीक्षा तेथेच असते. ‘हे तुम्हाला कसे कळले?’ असे एखाद्या पालकाने विचारले आणि मुलगी म्हणाली, ‘हे आम्ही मोजलं, ते आजीनं सांगितलं आणि हे अजून माहीत नाही’, तर त्या गटाचा प्रकल्प उत्तम झाला असे समजावे. मांडणीच्या दुसऱ्या दिवशी, उत्साह थोडा ओसरल्यावर चिंतन लिहून घ्यावे. त्याच दुपारी लिहिलेल्या वह्यांत टाळ्यांचेच वर्णन अधिक सापडते.

सराव

पुढील कल्पित नोंद वाचा : ‘आम्ही दातांची पाहणी केली. सर्वांची दातं पाहण्यात आली. माझी दातं मीच आरशात पाहली. पहिले मी ती मोजली नव्हती. मग सुमनने मले म्हटलं का तू बी वर्गातच हायेस ना.’

(अ) या नोंदीत कर्ता कोठे दिसतो आणि कोठे लपतो, ते क्रियापदांच्या आधारे सांगा. (आ) ‘आम्ही’पासून ‘मी’पर्यंतचा बदल कोणत्या वाक्यात होतो आणि का, याची चर्चा करा. (इ) शेवटचे वाक्य प्रमाण मराठीत आणताना काय राखाल आणि काय बदलाल? तुमच्या परिसरातील एखाद्या प्राथमिक शाळेतील मुलांशी त्यांच्या प्रकल्पाविषयी बोला, त्यांच्या बोलण्यातील पाच वाक्ये जशीच्या तशी, नावे न देता, उतरवून घ्या आणि ती या प्रश्नांच्या आधारे तपासा.