चिंचणीच्या किनाऱ्यावर फूड ट्रक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टेम्पोत शेगडी बसवायची आणि सुट्टीच्या दिवशी पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीच्या किनाऱ्यावर भजी, वडापाव विकायचा, हा धंदा करण्यासारखा आहे. पण अर्धवट माहितीवर गाडीत पैसे घातले, तर भुर्दंड विक्रेत्यालाच बसतो.

गैरसमज : फिरत्या विक्रेत्याला अन्न परवाना लागत नाही.
वस्तुस्थिती : हे अर्धंच खरं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 31 ने छोट्या विक्रेत्यांना परवान्यातून सूट दिली, पण नोंदणी सक्तीची ठेवली. 2011 च्या नियमावलीत ती 12 लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीसाठी, वर्षाला 100 रुपयांत होती. अर्ज करताना ताजी मर्यादा अन्न नोंदणीच्या ‘फॉसकॉस’ संकेतस्थळावर पाहावी. मिळणारा क्रमांक 14 अंकी असतो. पहिला अंक 2 असेल तर नोंदणी, 1 असेल तर परवाना. दाखला गिऱ्हाइकाला दिसेल असा लावावा.

गैरसमज : ग्रामपंचायतीची पावती फाडली की झालं.
वस्तुस्थिती : ती पावती कर भरल्याची. अन्नाची नोंदणी अन्न व औषध प्रशासनाकडे होते. गाडीच्या रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरटीओची मंजुरी लागते.

गैरसमज : 2014 चा पथविक्रेता कायदा आपल्याला जागा देईल.
वस्तुस्थिती : तो कायदा शहरांसाठी आहे. जवळच्या डहाणूत नगरपरिषद आहे, चिंचणीत ग्रामपंचायत. त्यामुळे शहर फेरीवाला समितीचं संरक्षण इथे गृहीत धरता येत नाही.

गैरसमज : सरकारचं बीच शॅक धोरण आहे, मग वाळूवर गाडी लावायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : 2020 च्या त्या धोरणात पालघर जिल्ह्यातले केळवे आणि बोर्डी हे किनारे निवडले होते, चिंचणी त्यात नव्हतं. शिवाय किनाऱ्याला सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत.

गैरसमज : घरचा सिलिंडर गाडीवर चालतो.
वस्तुस्थिती : 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे. त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो.

अन्न, गाडी आणि जागा या तिन्हींचे कागद वेगळे. एक दुसऱ्याची जागा घेत नाही. म्हणून आधी जागेची लेखी परवानगी मिळवावी आणि मगच गाडीसाठी कर्ज काढावं. ग्रामपंचायतीनेही या कागदांची यादी फलकावर लावली, तर गावातल्या होतकरू विक्रेत्यांचे हेलपाटे वाचतील.