पेंचच्या पाण्याचें दुहेरी दान

घरांतील दिव्यास शक्ति कोठून येते, असें मुलांनीं विचारिलें असतां बहुतेक नागपूरकर कोराडीकडे बोट दाखवितात. परंतु आपल्याच जिल्ह्यांत, मध्यप्रदेशच्या सीमेवर तोतलाडोह येथें, पेंच नदीच्या पाण्यावर वीज निर्माण होते. तिची रीत मनोवेधक असल्यामुळें ती आम्ही येथें सांगत आहों.

गच्चीवरील टाकीचें पाणी खालच्या नळास जोरानें येतें. टाकी जमिनीवर ठेवल्यास तो जोर राहत नाहीं. उंची हीच पाण्याची शक्ति होय. धरणानें उंचावर अडविलेलें पाणी मोठ्या नळांतून खालीं उतरतें व चक्राच्या पात्यांस रेटतें. चक्राबरोबर त्याच आंसावरील लोहचुंबक तांब्याच्या वेटोळ्यांत फिरूं लागतो आणि तारेंत वीज उत्पन्न होते. चुंबकाचा हा गुण मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिला.

तोतलाडोह येथें प्रत्येकीं ८० मेगॅवॅटचीं दोन यंत्रें असून तीं १९८६ व १९८७ सालीं चालूं झालीं. विजेचे दोन वांटे मध्यप्रदेशास व एक महाराष्ट्रास मिळतो. कोराडीच्या ६६० मेगॅवॅटच्या एका संचापुढेंहि हें केंद्र लहानच. तथापि कोळशाची थंड भट्टी तापावयास कित्येक तास लागतात. जलचक्र कांहीं मिनिटांत फिरूं लागतें. दिवेलागणीस मागणी एकाएकीं वाढते तेव्हां ह्या चपळाईचें मोल कळतें.

शिवाय चक्र फिरविण्यांत पाणी खर्च होत नाहीं. तेंच पुढें नवेगांव-खैरीच्या जलाशयांत जातें. तेथून शेतांस, नागपूरच्या नळांस आणि खुद्द कोराडीच्या यंत्रांसहि मिळतें.

मात्र मुळांत पाणीच नसेल तर काय? वरच्या अंगास छिंदवाडा जिल्ह्यांत चौराईचें धरण झाल्यापासून खालीं येणारा ओघ घटला. त्यांत पाऊस लांबला आणि २०१९ च्या जुलैंत नागपुरास एक दिवसाआड पाणी घेण्याची पाळी आली. विजेस कोळसा आहे, सूर्य आहे. तहानेस पाण्यावांचून दुसरा उपाय नाहीं. म्हणून जलाशय उतरला असतां आधीं घागर व मग चक्र, हाच क्रम आम्हांस योग्य वाटतो. दिवा विनाकारण जळत ठेवूं नये हें घरोघरीं शिकविलें जातें. नळाविषयींहि तितकीच दक्षता गृहिणींनीं व गृहस्थांनीं बाळगावी.