बांधावरचे भांडण ठाण्यापर्यंत गेले तर

मृगाचा पाऊस पडला, सोयाबीन आणि हळदीची घाई सुरू झाली की आपल्या हिंगोली जिल्ह्यात आणखी एक पीक उगवते, ते म्हणजे बांधावरच्या भांडणांचे. शेजाऱ्याने नांगरटीत बांध हातभर कोरला, एवढ्यावरून बोलाचाली होते आणि दुपारपर्यंत दोन्ही घरची माणसे पोलीस ठाण्यात. मी शेतीखात्याचा माणूस, वकील नव्हे. हुमणी आणि करपा हे माझे विषय. पण गावोगाव फिरताना जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या भागातल्या एका गावी मी हळदीची कंदकूज पाहायला गेलो होतो. शेतात कोणी नाही, म्हणून घरी गेलो. ओसरीवर बाई एकटीच बसलेली. नवरा आणि मुलगा यांना आदल्या सायंकाळी पोलिसांनी नेले होते. कोणत्या ठाण्यात, कोणत्या गुन्ह्यात, काही ठाऊक नाही. एका कागदावर तिचा अंगठा घेतलेला, तो कशाचा तेही कोणी वाचून दाखवले नव्हते. हीच बाई पीककर्जाच्या कागदावर मुलाकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा करत नाही! खाकी कपडे पाहिले की आपली विचारण्याची सवयच सुटते.

तेव्हा विचारायचे काय, ते आधी पाहू. पहिला प्रश्न असा, की साहेब, ही अटक आहे की नुसते जबाबासाठी नेता? जबाब साक्षीदार म्हणून हवा असेल तर स्त्रियांना, 15 वर्षांखालच्या मुलाला आणि 60 वर्षांवरच्या म्हाताऱ्याला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचे असते. अटक असेल तर तिचे कारण सांगणे बंधनकारक आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण हे हक्क तसेच राहिले आहेत. अटकेचा कागद जागेवरच करायचा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याचीही सही घ्यायची. माणूस कुठे ठेवला आहे ते नातेवाइकाला कळवायचे. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे. चौकशीच्या वेळी त्याला वकिलाला भेटता येते, मात्र वकील सगळा वेळ शेजारी बसू शकत नाही. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. फारच निकड असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी, दोन्ही हवे.

सहीचे एक लक्षात ठेवा. आपण स्वतः फिर्याद दिली तर ती वाचून घेऊन सही करायची आणि तिची नक्कल फुकट मागून घ्यायची. पण तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर सही करण्याची कायद्याला गरजच नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

आता हातातल्या हत्याराविषयी. बांधावर चापट मारली, किरकोळ दुखापत झाली, तर तो अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा. कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस त्यात अटक करू शकत नाहीत. तीच किरकोळ जखम कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने झाली की गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र होतो. जखम तेवढीच, पण जामिनासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. शेतात कोयता हाती असतोच, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

हे हक्क आकाशातून पडलेले नाहीत. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या 15 बायकांची भेट घेतली. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेबाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, आणि तेच पत्र अर्ज म्हणून दाखल झाले. 15 फेब्रुवारी 1983 रोजी निकाल लागला. बायकांची कोठडी वेगळी आणि तिथे पहारा महिला पोलिसांचा, अटक होताच कायदेविषयक मदत समितीला कळवणे, आणि मारहाणीची तक्रार आहे का असे न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः विचारणे, असे त्यात ठरले. म्हणून कोर्टापुढे उभे राहिल्यावर मान खाली घालू नका. मारले असेल तर तिथेच सांगा आणि डॉक्टरी तपासणी मागा.

दुसरा खटलाही महाराष्ट्रातलाच, 1978 चा होस्कोट खटला. येरवड्याच्या तुरुंगातल्या या कैद्याला आपल्या निकालाची नक्कल मिळाली की नाही, यावरच वाद झाला. तुरुंगवाले म्हणत दिली, पण त्याच्या सहीची पोच कुठेच नव्हती. त्याचे अपील फेटाळले गेले, पण निकालाची नक्कल कैद्याला फुकट आणि वेळेवर मिळालीच पाहिजे आणि गरजूला सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, हे तेव्हा ठासून सांगितले गेले. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या, असे मी बियाण्याच्या पावतीबद्दल नेहमी सांगतो. ते इथेही खरे.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मला हटकून विचारतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीची माणसे, अपंग आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साध्या कागदावर अर्ज करा. 15100 या नंबरवर फोनही लागतो. जामीनपात्र गुन्ह्यात जामीनदार नसला आणि आठवड्यात मिळाला नाही, तर गरीब म्हणून जातमुचलक्यावर सोडण्याची सोय आहे. शेत गहाण टाकायला धावू नका.

त्या बाईला मी समितीच्या वकिलाकडे घेऊन गेलो. बापलेक दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटले. नंतर दोन्ही घरांनी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरले. तो अर्ज पेरणीच्या आधीच द्यायला हवा होता. मोजणीत बांध दीड हात सरकलेला निघाला, आणि तो आमच्या या शेतकऱ्यानेच सरकवला होता. बांध आता जागेवर आला आहे, खटल्याच्या तारखा मात्र अजून चालू आहेत.