दहावीचे वर्ष आणि पेटी

मुलांनो, दहावीत गेले की गाणे-वाजवणे बंद, असे जळगाव-धुळ्याकडे घरोघरी सांगतात. माझ्या एका विद्यार्थ्याने त्या वर्षी हार्मोनियमची पेटी कपाटावर ठेवली. ती पुन्हा खाली उतरलीच नाही.

विष्णू नारायण भातखंडे यांचे पाहा. ते कॉलेजात शिकत असतानाच सतारही शिकत होते. १८८७ साली ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे त्यांनी मोठमोठ्या उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीत लिहून छापल्या.

वेळापत्रकात आधी शाळेचे व शिकवणीचे तास लिहा. मग रियाजाला रोज अर्धा तास द्या. रविवारी एकदम तीन तास बसून बोटे वळत नाहीत. वेळ शक्यतो सकाळची घ्या; आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी गळा सुकतो, आणि शेजारीही रागावतात!

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा होतात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. म्हणून संगीताच्या परीक्षा नववीपर्यंतच देऊन टाका. दहावीत नवे राग नकोत, जुनेच घोळवा. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुणही मिळतात. मात्र प्रमाणपत्र शाळेत मुदतीत द्यावे लागते.