कॉन्स्ट नक्की कुठे लिहायचं? सी मधल्या पॉइंटरची गोष्ट

सी शिकताना कॉन्स्ट हा शब्द आपण बहुतेक एका वाक्यात उरकतो: "ज्याची किंमत बदलत नाही ते." परीक्षेत तेवढ्यावर मार्क मिळतात. पण पॉइंटर आला की हे उत्तर अपुरं पडतं. मला ते एका दिवसाच्या नोंदी गमावून कळलं. (कोडमधले शब्द इथे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत.)

काय घडलं होतं?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका छोट्या हिशेबाच्या प्रोग्रामसाठी फंक्शन लिहिलं. "नाव,गाव,रक्कम" अशी ओळ द्यायची आणि त्यात किती रकाने आहेत ते मोजून घ्यायचं. हेडर फाइलमध्ये ते असं होतं:

इंट रकाने_मोज(चार *ओळ);

आत मी स्ट्रटॉक वापरलं. स्ट्रटॉक तुकडे पाडताना मूळ ओळीतला स्वल्पविराम पुसतं आणि तिथे शून्य-अक्षर ठेवतं. माझ्या सहकाऱ्याने रकाने मोजून घेतले आणि मग तीच ओळ फाइलमध्ये लिहिली. संध्याकाळी फाइल उघडली तर नुसती नावं! गाव नाही, रक्कम नाही. पावत्या कागदावर होत्या म्हणून वाचलो. रात्री बसून सगळ्या पुन्हा टाइप केल्या. तो एवढंच म्हणाला, "मी मोजायला दिली होती रे, कापायला नाही."

चूक माझीच होती. पण त्याहून वाईट म्हणजे माझी घोषणा वाचून त्याला हा धोका कळण्याचा काही मार्गच नव्हता.

पहिली दुरुस्ती, तीही चुकीची

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहात कॉन्स्ट टाकलं:

इंट रकाने_मोज(चार *कॉन्स्ट ओळ);

कंपायलर गप्प. स्ट्रटॉक तसंच चालू, ओळ तशीच कापली जात होती! असं का?

समजा, तुम्ही गावाला जाताना शेजारच्या काकूंना घराची डुप्लिकेट किल्ली दिलीत. पॉइंटर म्हणजे ती किल्ली आणि मेमरीतला मजकूर म्हणजे घर. आता दोन वेगवेगळी वचनं शक्य आहेत:

१. कॉन्स्ट चार *ओळ : "या किल्लीने घर उघडून बघेन, पण आतलं काही हलवणार नाही."
२. चार *कॉन्स्ट ओळ : "ही किल्ली बदलून दुसरी घेणार नाही." घरात मात्र वाटेल ते करता येईल.

मी दुसरं वचन दिलं होतं. फंक्शनला पॉइंटरची प्रतच मिळते. त्या प्रतीचं आत काय होतं याच्याशी बोलावणाऱ्याला काहीच देणंघेणं नसतं. म्हणून हेडर फाइलमध्ये दुसरा प्रकार त्याच्या काही कामाचा नाही. त्याला हवं असतं ते पहिलं वचन.

लक्षात ठेवायची सोपी युक्ती: चांदणीच्या डावीकडचं कॉन्स्ट मजकुरासाठी, उजवीकडचं खुद्द पॉइंटरसाठी.

योग्य जागी कॉन्स्ट टाकल्याबरोबर स्ट्रटॉकच्या ओळीवर कंपायलरने इशारा दिला. मग मी स्ट्रटॉक काढलं आणि साध्या लूपने स्वल्पविराम मोजले. त्यात एक फायदाही झाला. स्ट्रटॉक लागून आलेले दोन स्वल्पविराम एकच धरतं, त्यामुळे रिकामा रकाना मोजलाच जात नव्हता!

लायब्ररीतली उदाहरणं बघा

स्ट्रकॉपीची घोषणा आठवा: पहिला पॅरामीटर चार *, दुसरा कॉन्स्ट चार *. माहिती कुठून कुठे जाते हे मॅन्युअल न उघडता कळतं. स्ट्रलेन फक्त वाचतं, म्हणून तिथे कॉन्स्ट आहे. स्ट्रटॉकच्या पहिल्या पॅरामीटरला कॉन्स्ट नाही, तोच इशारा होता. मी तो वाचला नाही.

कॉन्स्टच्या मर्यादा

कॉन्स्ट म्हणजे कुलूप नव्हे. कास्ट करून ते काढता येतं. पण मूळ वस्तूच कॉन्स्ट म्हणून घोषित केलेली असेल आणि तुम्ही तिच्यात लिहिलंत, तर पुढे काय होईल याची सी काहीच हमी देत नाही. अवतरणचिन्हांत थेट लिहिलेल्या स्ट्रिंगचंही तेच. तिच्यात लिहायला गेलात तर प्रोग्राम बहुधा जागेवरच कोसळतो.

दुसरं म्हणजे, स्ट्रक्चरचा पॉइंटर कॉन्स्ट केला तरी स्ट्रक्चरच्या आत असलेला चार * जिकडे बोट दाखवतो, तो मजकूर सुरक्षित होत नाही. वचन एकाच पायरीपुरतं असतं.

मग नियम काय?

फंक्शन फक्त वाचणार असेल, तर चांदणीच्या डावीकडे कॉन्स्ट लिहा, आणि ते पहिल्या दिवसापासून लिहा. नंतर टाकायला गेलात तर ते फंक्शन आत ज्यांना बोलावतं, त्या सगळ्यांच्या घोषणा बदलत बसावं लागतं. इशारा आला की कास्ट करून त्याचं तोंड बंद करू नका. आधी विचारा, आपण दिलेलं वचन कोण मोडतंय?

आज एक काम करा. तुमची एखादी जुनी हेडर फाइल उघडा आणि प्रत्येक चार * समोर थांबा. हे फंक्शन खरंच आत काही लिहितं का? नसेल, तर तिथे एक शब्द राहून गेलाय.