गंभीर अपघातग्रस्तांसाठी एक्मो यंत्र

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातील बोर्ड ऑफिस चौकासारख्या वर्दळीच्या ठिकाणी अपघात होऊन छातीला जबर मार बसला, तर व्हेंटिलेटरही अपुरा पडू शकतो. अशा वेळी 'एक्मो' यंत्र मोठ्या शिरेतून रक्त बाहेर घेते, कृत्रिम पडद्यातून त्यात प्राणवायू मिसळते व ते शरीरात परत सोडते. फुप्फुस ते बरे करीत नाही. फक्त अवधी देते.

१९७१ मध्ये अमेरिकेत डॉ. डोनाल्ड हिल यांनी अपघातातील २४ वर्षांच्या तरुणाला ७५ तास अशा यंत्रावर ठेवून वाचविले. तरीही जखमींसाठी ते वापरण्यास डॉक्टर कचरत, कारण नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपारिनने जखमा अधिक वाहतात. आता नळ्यांनाच आतून हेपारिनचा लेप असतो, म्हणून सुरुवातीचा काही काळ ते औषध टाळता येते. मेंदूत रक्तस्राव असल्यास मात्र निर्णय आजही कठीणच असतो.